संकेतस्थळाचें खरें भाडें



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. ज्या माणसानें आयुष्याचीं तेहतीस वर्षें मुलांना त्रैराशिक आणि व्याजाचीं उदाहरणें शिकविण्यांत घालविलीं, त्यानें संकेतस्थळांच्या वर्गणीविषयीं बोलावें, हें कांहींसें विसंगत दिसेल. परंतु हा विषय मुळांत यंत्रविद्येचा नसून अंकगणिताचा आहे. आणि त्या अंकगणितांत मी स्वतः एकदां नापास झालों आहें, एवढाच माझा येथें बोलण्याचा अधिकार.

नापास कसा झालों, तें प्रथम सांगतों. आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहें. वाचनालयाचें एक संकेतस्थळ असावें, त्यावर ग्रंथांची यादी, कामकाजाच्या वेळा व व्याख्यानांच्या सूचना असाव्यात, म्हणजे हवें तें पुस्तक आपल्याकडे आहे कीं नाहीं हें सभासदांना घरबसल्या कळेल, असा विचार कार्यकारी मंडळानें केला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें तें काम अंगावर घेतलें. त्यानें निवडलेल्या सेवेच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत 'दरमहा फक्त १९९ रुपये' असें होतें. मीं मनांतल्या मनांत त्यास बारांनीं गुणलें, २,३८८ झाले. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर ४३० रुपये, मिळून २,८१८. रक्कम माफक वाटली व मंडळानें ती मंजूर केली. वर्ष आनंदांत गेलें. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं मात्र बँकेच्या पुस्तकांत त्याच सेवेच्या नांवें १२,४९४ रुपये खर्चीं पडलेले दिसले.

वार्षिक सर्वसाधारण सभेंत एक सभासद उभे राहिले. तेही माझेच विद्यार्थी. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, गेल्या सालीं २,८१८ आणि यंदा १२,४९४. हें कोणतें त्रैराशिक?" सभा हसली. मीही हसलों, पण घरीं आल्यावर तें हसूं टिकलें नाहीं. कारण वाढलेले ९,६७६ रुपये बालविभागाच्या पुस्तकखरेदीसाठीं राखून ठेवलेल्या रकमेंतून गेले होते. एका पुस्तकाला दीडशें रुपये धरले, तर चौसष्ट पुस्तकें मुलांच्या हातीं पडावयाचीं राहिलीं. त्या रात्रीं मीं त्या सेवेच्या अटींचीं पानें प्रथमच नीट वाचलीं. दुसऱ्या वर्षाचा दर तेथें स्पष्ट छापलेला होता. कोणीं फसविलें नव्हतें. मींच वाचलें नव्हतें.

आतां या व्यवहाराचें स्वरूप काय आहे तें पाहूं. विश्वजाळ, ज्याला आपण वेब म्हणतों, तें टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत असतांना रचलें. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें त्याची मूळ आज्ञावली सर्व जगाला विनामूल्य खुली केली. तेव्हां विश्वजाळाच्या वापराबद्दल कोणीही आपणांकडून स्वामित्वशुल्क घेत नाहीं. मग पैसे कशाचे? पैसे आहेत ते जागेचे, नांवाचे आणि सोयीचे. आरंभीं ज्याला संकेतस्थळ उभारावयाचें असे, त्याला तें सांकेतिक भाषेंत हातानें लिहावें लागे. घर पाहावें बांधून, या म्हणीचा प्रत्यय तेथेंही येई. हा त्रास वांचविण्यासाठीं पुढें वेबसाइट बिल्डर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवा निघाल्या. स्क्वेअरस्पेस २००३ सालची, विक्स आणि वीब्ली २००६ सालच्या. तयार साचा निवडावा, त्यांत आपला मजकूर व चित्रें बसवावीं, आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरावी, अशी ही पद्धत. सामानसुमानासह भाड्यानें मिळणारें बिऱ्हाड म्हणा ना.

बिऱ्हाडाच्या भाड्यांत काय येतें आणि काय येत नाहीं, हें जसें आधीं विचारावें लागतें, तसेंच येथेंही आहे. पहिली बाब जागेची. आपला मजकूर जगांत कोठेंतरी सदैव चालूं असलेल्या संगणकावर ठेवलेला असतो. त्याला होस्टिंग म्हणतात. त्या जागेला मर्यादा असते. किती चित्रें व चित्रफिती ठेवतां येतील, किती माणसांना त्या संकेतस्थळावर काम करतां येईल, हें योजनेप्रमाणें बदलतें. दुसरी बाब नांवाची. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, कोणालाही कायमचें विकत मिळत नाहीं. तें ठराविक मुदतीपुरतें नोंदवून मिळतें. डॉट कॉम या प्रकारचें नांव एका वेळीं जास्तींत जास्त दहा वर्षांसाठीं नोंदवितां येतें. आपल्या देशाच्या डॉट इन या नांवांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. आणि २०१४ सालापासून देवनागरी लिपींत डॉट भारत असें नांवही घेतां येतें. तिसरी बाब टपालाची. आपल्या संस्थेच्या नांवाचा ई-मेल पत्ता हवा असेल, तर त्याची वर्गणी बहुधा निराळी असते, व तीही दर पेटीस निराळी. चौथी बाब कुलपाची. वाचक व संकेतस्थळ यांमधील मजकूर वाटेंत कोणीं वाचूं नये म्हणून एक प्रमाणपत्र लागतें. लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ सालापासून अशीं प्रमाणपत्रें जनतेला फुकट देत आहे. म्हणून साध्या संकेतस्थळासाठीं कोणी या कुलपाची निराळी भरभक्कम किंमत सांगूं लागला, तर ती कशासाठीं, हें अवश्य विचारावें.

आतां आमच्या वाचनालयाचें बिल सोडवून दाखवितों. हिशेब सोपा व्हावा म्हणून रुपयाखालचे पैसे पूर्णांकांत धरले आहेत. पहिल्या वर्षीं दर १९९, नांव फुकट, टपालाच्या दोन पेट्या, एक चिटणिसाची व एक ग्रंथपालाची, त्याही फुकट. दुसऱ्या वर्षीं तीनही सवलती एकदम संपल्या. मूळ दर ४९९ झाला. वर्षाचे ५,९८८, करासह ७,०६६. नांवाच्या नूतनीकरणाचे १,०००, करासह १,१८०. दोन पेट्यांचे दरमहा प्रत्येकीं १५० प्रमाणें वर्षाचे ३,६००; करासह ४,२४८. या तीन कलमांची बेरीज १२,४९४. तिसऱ्या वर्षीं हेंच चालूं राहिलें असतें, तर तीन वर्षांचा खर्च २७,८०६ रुपये झाला असता. त्याला छत्तिसांनीं भागा. दरमहा ७७२ रुपये पडतात. जाहिरातींतले १९९ आणि प्रत्यक्षांतले ७७२, यांमध्यें सुमारें चौपटीचें अंतर आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केली नाहीं.

पहिलें वर्ष इतकें स्वस्त कां ठेवतात, हेंही समजून घेतलें पाहिजे. नवा बिऱ्हाडकरू मिळविण्यासाठीं अशा कंपन्या जाहिरातींवर व सवलतींवर पैसा खर्च करतात. तो नंतरच्या वर्षांच्या वर्गणींतून भरून निघावयाचा असतो. एकदां आपला मजकूर तेथें बसला, लोकांना पत्ता ठाऊक झाला, कीं हलण्याचा कंटाळा येतो, आणि माणूस वाढीव भाडें देऊन राहतो, हा त्या व्यवहाराचा पाया आहे. तसेंच 'दरमहा' या शब्दाचा अर्थ बहुधा दरमहा भरणें असा नसतो. वर्षाची, कधीं तीन-चार वर्षांची रक्कम एकदम घेऊन तिला महिन्यांनीं भागून तो आकडा काढलेला असतो. खरोखरीच महिन्यामहिन्यानें भरावयाचें म्हटलें, तर दर चढा असतो. जेथें आपण दीर्घकाळ राहणार अशी खात्री आहे, तेथें अनेक वर्षांचे पैसे आधीं भरणें लाभाचें ठरतें, कारण स्वस्त दर तितकीं वर्षें पक्का होतो. जेथें खात्री नाहीं, तेथें त्याच पैशांनीं आपले पाय बांधले जातात. शिवाय वर्गणी डॉलरांत असेल, तर रुपयाचा भाव उतरेल तसा खर्च वाढतो, आणि परकीय चलनाच्या व्यवहाराबद्दल बँक आपलें शुल्क लावते, तें वेगळेंच.

ज्यांना संकेतस्थळावरून माल विकावयाचा आहे, त्यांच्या हिशेबांत आणखी एक कलम येतें, तें दलालीचें. आमच्या आळींतील एक भगिनी दिवाळीचा फराळ करून विकतात. त्यांच्यापुढें दोन योजना होत्या. आकडे मी समजण्यापुरते घेतों. पहिली योजना दरमहा ८०० रुपयांची, पण प्रत्येक विक्रीवर शेंकडा ३ दलाली. दुसरी दरमहा १,५०० रुपयांची, दलाली मुळींच नाहीं. विक्रेत्यानें त्यांना दिवाळीच्या महिन्याचें उदाहरण दिलें. त्या महिन्यांत ४०,००० रुपयांची विक्री झाली, तर पहिल्या योजनेंत ८०० अधिक दलाली १,२००, म्हणजे २,००० रुपये जातात. दुसऱ्या योजनेंत फक्त १,५००. तेव्हां दुसरी घ्या, असें तो म्हणाला. त्याचें गणित बरोबर होतें. पण फक्त त्या महिन्यापुरतें. दोन योजनांतील अंतर ७०० रुपयांचें आहे, आणि ७०० रुपये दलाली होण्यासाठीं महिन्याची विक्री सुमारें २३,३३३ रुपये व्हावी लागते. त्याच्या खालीं पहिली योजना स्वस्त, वर दुसरी. या भगिनींची मोठी विक्री वर्षांत दोनच महिने असते. ते दोन महिने ४०,००० प्रमाणें आणि उरलेले दहा महिने ८,००० प्रमाणें धरले, तर वर्षाची विक्री १,६०,००० होते. पहिल्या योजनेंत भाडें ९,६०० व दलाली ४,८००, मिळून १४,४००. दुसऱ्या योजनेंत १८,०००. म्हणजे जी योजना दिवाळींत महाग दिसत होती, ती वर्षांत ३,६०० रुपयांनीं स्वस्त पडली. दोन्हींवरचा कर मीं येथें सोडून दिला आहे.

या दलालीखेरीज ग्राहकाचे पैसे बँकेपर्यंत पोंचविणारी मध्यस्थ संस्था आपला मेहनताना घेते, हें विसरूं नये. रूपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील व्यापारी-शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य केलेलें आहे. तथापि मध्यस्थ संस्था आपल्या व्यवस्थेचें शुल्क निराळें आकारूं शकते. इतर कार्डांवर शुल्क असतेंच. म्हणून 'दलाली नाहीं' असें वाक्य वाचलें, कीं कोणाची दलाली नाहीं, असा प्रतिप्रश्न करावा.

आपणांपैकीं कोणी म्हणतील, एवढी यातायात कशाला? फुकटच्या योजना आहेत कीं! आहेत, आणि शिकण्यासाठीं त्या उत्तम आहेत. परंतु त्यांत बहुधा नांव आपलें स्वतंत्र नसतें, कंपनीच्या नांवाला जोडलेलें असतें. पानावर कंपनीची जाहिरात असते. आणि घरमालकाची मर्जी फिरेल तोंपर्यंतच राहावयाचें असतें. जिओसिटीज नांवाच्या सेवेनें १९९४ सालापासून लोकांना फुकट पानें दिलीं. ती याहू कंपनीनें १९९९ मध्यें विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्यें, जपानपुरती शाखा वगळून, बंद केली. कोणीं तेथें वंशावळी लिहिल्या होत्या, कोणीं प्रवासवर्णनें. ज्यांनीं वेळेवर प्रती काढून घेतल्या नाहींत, त्यांच्या पानांचा भरंवसा उरला नाहीं. लहान दुकानदारांसाठीं गूगलनें आपल्या व्यवसाय-नोंदणीबरोबर फुकट संकेतस्थळें दिलीं होतीं. तींही मार्च २०२४ मध्यें बंद केलीं. सूचना दोन्ही वेळां देण्यांत आली होती. पण बिऱ्हाड मात्र हलवावें लागलें.

उलट टोकाला स्वतःचें घर बांधण्याचा मार्गही आहे. वर्डप्रेस नांवाची आज्ञावली २००३ सालापासून कोणालाही मोफत वापरतां येते. त्याच नांवाची एक वर्गणी घेणारी सेवाही आहे. दोहोंची गल्लत करूं नये. मोफत आज्ञावली घेतली, तरी जागा व नांव यांचे पैसे द्यावेच लागतात, आणि डागडुजी, राखण, नव्या आवृत्त्या बसविणें, हें सारें आपल्या अंगावर येतें. घरांत जाणता तरुण असेल तर हें स्वस्त पडतें. नसेल तर गवंड्याची मजुरी भाड्याहून अधिक होते. तेव्हां वर्गणीची सेवा वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. सोयीला मोल असतेंच. तें मोल किती, हें आधीं ठाऊक असावें, इतकेंच.

आतां सर्वांत महत्त्वाच्या खर्चाकडे येतों. तो कोणत्याही जाहिरातींत छापलेला नसतो. तो म्हणजे सोडून जाण्याचा खर्च. एका सेवेकडून दुसरीकडे जातांना मजकूर व चित्रें नेतां येतात. पण पानांची मांडणी, साचे, दुकानाची व्यवस्था बहुधा तेथेंच राहते व पुन्हा उभारावी लागते. नांव मात्र नेतां येतें, जर तें आपल्या नांवें नोंदलेलें असेल तर. आमच्या वाचनालयाचें नांव त्या विद्यार्थ्यानें, सोयीचें म्हणून, स्वतःच्या खात्यांत नोंदविलें होतें. तो नोकरीनिमित्त बंगळूरास गेला. तो जुना ई-मेल पत्ता त्यानें उघडणें सोडलें. आणि त्यामुळें नांवाविषयींच्या साऱ्या सूचना कोणीही न वाचतां पडून राहिल्या. मुलगा सालस. दूरध्वनि करतांच त्यानें सर्व कांहीं वाचनालयाच्या खात्यांत वळवून दिलें. पण त्याचा पत्ता लागला नसता तर? डॉट कॉम प्रकारच्या नांवाची मुदत टळली, तर कांहीं दिवसांच्या सवलतीनंतर तीस दिवसांचा एक शेवटचा अवधि असतो. त्यांत जबर दंड भरून नांव सोडवितां येतें. तोही गेला, कीं तें नांव कोणीही घेऊं शकतो. सभासदांच्या पाठ झालेला पत्ता मग परक्याच्या दाराशीं नेतो.

पैसे आपोआप वसूल होण्याबाबतही एक गोष्ट जाणून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीची सूचना ग्राहकाला किमान चोवीस तास आधीं मिळाली पाहिजे, आणि त्या मुदतींत ती वसुली नाकारण्याची सोय असली पाहिजे. मात्र जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळीं नव्यानें संमति द्यावी लागत नाहीं. आमचे १२,४९४ रुपये त्या मर्यादेच्या आंत होते. सूचना वाचनालयाच्या भ्रमणध्वनीवर आली होती. जाहिरातींच्या ढिगाऱ्यांत ती कोणीं पाहिली नाहीं.

एवढें झाल्यावर मंडळानें काय केलें, तें सांगतों, कारण तेंच कोणत्याही घराला किंवा संस्थेला लागूं पडेल. आम्हीं स्वतःला पांच प्रश्न विचारले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं करासह एकूण किती द्यावे लागतील? फुकट मिळालेल्या कोणत्या वस्तूला पुढें पैसे पडतील? नांव कोणाच्या खात्यांत आहे व त्याची मुदत केव्हां संपते? आपल्या मजकुराची प्रत आपल्या घरीं आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, जें घेतलें आहे त्यांतलें आपण खरोखर काय वापरतों? या शेवटच्या प्रश्नानें आमचे डोळे उघडले. ४९९ रुपयांच्या योजनेंत दुकान, चित्रफिती, भेटीच्या वेळा ठरविण्याची सोय, असें पुष्कळ होतें. आम्हांला हवी होती ग्रंथांची यादी आणि सूचनाफलक. त्यासाठीं त्याच सेवेची २४९ रुपयांची योजना पुरेशी होती. दोन टपालपेट्यांपैकीं ग्रंथपालांची पेटी वर्षभर रिकामीच होती. ती काढून टाकली. पुढील वर्षाचा हिशेब असा मांडला: योजनेचे करासह ३,५२६, नांवाचे १,१८०, एका पेटीचे २,१२४, एकूण ६,८३०. आदल्या वर्षाहून ५,६६४ रुपये कमी.

ग्रंथयादीची व सर्व मजकुराची एक प्रत आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेस वाचनालयाच्या संगणकावर उतरवून घेतात. नांवाची मुदत, खात्याचा पत्ता आणि देय रक्कम या तीन गोष्टी विजेच्या बिलाप्रमाणें नोंदवहींत लिहिल्या जातात, आणि मुदतीच्या एक महिना आधीं मंडळाच्या सभेंत वाचल्या जातात. आपणांपैकीं ज्यांनीं घरच्या व्यवसायासाठीं, संस्थेसाठीं किंवा मुलांच्या हौसेसाठीं असें एखादें बिऱ्हाड घेतलें असेल, त्यांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर एवढाच कागद लिहून काढावा, अशी माझी विनंति आहे. तीन वर्षांची बेरीज करावी व तिला छत्तिसांनीं भागावें. जो आकडा येईल, तें आपल्या संकेतस्थळाचें खरें भाडें. तें परवडत असेल, तर सुखानें राहावें.

पुढच्या वार्षिक सभेंत तेच सभासद पुन्हा उभे राहिले. मी जरा सावध झालों. ते म्हणाले, "गुरुजी, यंदाचें त्रैराशिक सुटलेलें दिसतें." त्या वर्षीं वांचलेल्या पैशांतून बालविभागासाठीं सदतीस पुस्तकें आलीं. चौसष्टांतलीं सदतीस म्हणजे निम्म्याहून थोडीं अधिक; पूर्ण गुण नव्हेत, परंतु उत्तीर्ण होण्यापुरते खास.